मुद्दाम चुकवलेली परीक्षा

सेमी फायनल जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला जमले, तेव्हा घरात कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं होतं, शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या उसन्या आल्या होत्या, आणि भाजलेली कोंबडी कापायला कप्तान स्वतः बाह्या सरसावून उभे होते. एरवी या घरात सुरी हातात घ्यायचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

कप्तान हे नाव त्यांना क्लबाने दिलं. क्लबाच्या रग्बी संघाचं कप्तानपद सुटून जमाना झाला, पण पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. आई नवऱ्याला एकांतात ‘अहो’ म्हणे आणि चारचौघांत ‘कप्तान’.

आनंदाला कारण तसंच होतं. सकाळी निवड समितीतल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला होता. शनिवारी फायनल, रविवारी देशाच्या संघाची यादी, आणि यादीत कप्तानांच्या धाकट्या लेकाचं नाव. फायनल नीट पार पडली की झालं. या घरात तीन पिढ्या रग्बी खेळत आल्या, पण देशाची जर्सी घालून मैदानात कुणी उतरलं नव्हतं. आजोबांना एकदा राखीव म्हणून नेलं होतं. अख्खा सामना ते कोटाच्या आत जर्सी घालून बाकावर बसून राहिले, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर तशीच ती घडी करून परत दिली. कप्तानांना तर बोलावणंच आलं नाही. आणि आता धाकटा, तिशी ओलांडल्यावर, बाकीचे बूट खुंटीला टांगतात त्या वयात.

धाकटा लॉक होता, म्हणजे स्क्रमच्या, दोन्ही संघ डोकी भिडवून ढकलतात त्या घोळक्याच्या, दुसऱ्या रांगेतला. पुढच्या दोघांच्या कमरांमध्ये डोकं घालून रेड्यासारखं ढकलायचं, लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकतात तेव्हा, सोबत्यांच्या खांद्यांवरून हवेत चढायचं, आणि उरलेला सगळा वेळ समोरून जो येईल त्याला आडवा करायचा. या शेवटच्या कामात तो इतका पटाईत, की पेपरवाल्यांनी त्याचं नाव ‘भिंत’ ठेवलं होतं. त्याचे दोन्ही कान मळून टाकून दिलेल्या कणकेसारखे झाले होते. लहानपणी आईने ज्या कानांत तेल घातलं ते हेच, यावर आता तिचाही विश्वास बसत नसे.

आज मात्र आईचं लक्ष कानांकडे नव्हतं. धाकटा खिडकीकडे पाठ करून बसला होता. ती खुर्ची त्याची नव्हती. पाळण्यातून उतरल्यापासून तो खिडकीसमोर बसत आलेला, रस्ता दिसतो म्हणून. आज आल्या आल्या त्याने आजोबांना आपल्या जागी बसवलं आणि स्वतः त्यांच्या जागी बसला, आणि ‘बघा, आजोबांना उन्हात बसवलं पोराने,’ असं म्हणून कप्तानांनी कौतुक केलं. त्याच्या ताटातला बटाटा अजून होता तिथेच होता.

कालपासून आईच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. तिने ती सहज विचारली. मीठ द्या म्हणावं तशी.

“काय रे, काल तुझा हात असा कशाने झाला होता?”

“कसा?”

“असा.” आईने उजवा हात कोपरातून ताठ करून वर उचलला. “तू त्या जाड्याला पाडलंस, मग सगळे तुझ्या अंगावर पडले. चेंडू निघून गेला, माणसं उठून पळाली, आणि तू खालीच. हात वर. लाकडासारखा. मला वाटलं, कुणाला तरी बोलावतोयस.”

धाकट्याने बहिणीच्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. “मला नाही आठवत.”

“अगं, तपासलं ना त्याला डॉक्टरांनी,” कप्तान म्हणाले. जावई क्लबाच्या संघाचे डॉक्टर होते, त्यामुळे या घरात ‘डॉक्टर’ म्हटलं की ते एकटेच. “आत नेलं, परीक्षा घेतली, पठ्ठ्या पास होऊन परत आला आणि त्याच्याच टॅकलवर आपण जिंकलो. पास होणारच. नापास व्हायची सोयच ठेवली नव्हती मी.”

असं म्हणून ते हसले. हे हसणं आईच्या ओळखीचं होतं. यापुढे गोष्ट असायची.

“म्हणजे काय, बाबा?” थोरलीने विचारलं. ती कोर्टात दुभाषी होती. अर्धवट सोडलेलं वाक्य तिला सहन होत नसे.

“आता काय लपवायचं. हंगाम सुरू व्हायच्या आधी यांचं डोकं तपासतात. शब्द वाचून दाखवतात, ते पाठ म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. त्यात जे मार्क पडतील ते तुमचं रोजचं डोकं. पुढे सामन्यात मार लागला की पुन्हा तीच परीक्षा, आणि मार्क आधीच्यांशी ताडून बघायचे. कमी पडले तर बाहेर. आता मला सांगा, शहाण्या माणसाने पहिल्या परीक्षेत काय करावं?”

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“ढ व्हावं.” कप्तानांनी सुरी ताटलीच्या कडेला टेकवली. “मी याला म्हटलं, शब्द विसर. महिन्यांत गोंधळ घाल. पाय टेकव. मग नंतर डोक्यावर छप्पर कोसळलं तरी तू तुझ्या रोजच्या इतका हुशार. पोरगा शाळेत जन्मभर ढ होता, पण मुद्दाम ढ व्हायला याला शिकवणी लावावी लागली.”

ते मनापासून हसले. क्षणभराने आजोबाही हसले. हल्ली समोरचा हसला की ते हसत. बाकी टेबलावर कुणी हसलं नाही. धाकटा ताटात बघत होता. सुनेने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

आईने हातातला डाव भांड्यात सोडला.

“डॉक्टर, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“नाही.” डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. “नाही हो, आई. म्हणजे... त्याचे मार्क कमी आले होते तेव्हा. मला नवल वाटलं होतं. पण प्रवास करून आला होता, झोप झाली नसेल असं वाटलं.”

“तुम्हाला वाटलं, की तुम्ही वाटून घेतलंत?”



“आई, हे काय चाललंय?” थोरलीने खुर्ची पुढे ओढली. “शिकवलं बाबांनी, केलं धाकट्याने, आणि उलटतपासणी माझ्या नवऱ्याची? त्याला फसवलंय यांनी. राग यायचा तर त्याला यायला हवा.”

“मग येऊ दे ना. कुठे आलाय?”

“जेवताना कशाला हा विषय?” कप्तान म्हणाले. “गंमत सांगितली तर ही लगेच...”

“थांबा जरा, बाबा.” डॉक्टरांनी सासऱ्यांना कधी मध्येच अडवलं नव्हतं. ते आईकडे वळले. “तुम्ही म्हणालात हात ताठ होता. नक्की? म्हणजे मुठी वळून, की उठताना हात टेकवतात तसा?”

“उठत कुठे होता तो? निपचित पडला होता. एक हात ताठ आणि बाकी अंग मेल्यासारखं. मग पाणीवाला आला, तोवर हात हळूहळू खाली गेला.”

“मी मैदानाच्या पलीकडे होतो,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या मध्ये सगळा घोळका होता. कॅमेरा चेंडूमागे गेला. मी पोचलो तेव्हा हा उठून बसला होता.” त्यांनी चष्मा काढला. “तसा हात झाला असेल ना, तर मेंदूला दणका बसलाय, परीक्षेचा प्रश्नच येत नाही. तिथेच सामना संपला त्याचा. परत पाठवायचाच नव्हता त्याला.”

“हिच्या नजरेचं काय घेऊन बसलात,” कप्तान म्हणाले. “ती सामना बघते कुठे? ती पोराला बघते.”

“तेच तर सांगतेय,” आई म्हणाली. “चेंडू बघायला सगळं गाव लोटलं होतं. पोराला बघणारी मी एकटी.”

धाकटा उठला. तो उठला की ती खोली लहान वाटे. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि आवाज चढवला नाही, म्हणून तो अधिकच जोरात लागला.

“आई, पुरे. मी पोरगा नाही. ही माझी नोकरी आहे, माझं डोकं आहे. मी सकाळी उठतो तेव्हा आधी कुठे कुठे दुखतंय याचा अंदाज घेतो आणि मग पाय खाली ठेवतो. खांद्यात खिळे आहेत. दोन क्लबांनी काढून टाकलं मला, त्यातल्या एकाने तर फोनवर, मी विमानतळावर सामानाची वाट बघत असताना. तेव्हा कुणी टेबल नव्हतं मांडलं. मी परत आलो, राखीव संघातून सुरुवात केली, विशीतल्या पोरांबरोबर चिखलात लोळलो. आता दार उघडलंय तर माझीच आई पाय आडवा घालतेय. आणि एक सांगतो. ती जर्सी मला बाबांसाठी नको आणि आजोबांसाठी नको. मला हवीय. माझी म्हणून.”

कप्तानांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं असावं. पण लेक आपल्या बाजूने बोलतोय एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. “ऐकलंस?” ते आईला म्हणाले.

आईने सुनेकडे पाहिलं. सून प्राथमिक शाळेत संगीत शिकवायची. शब्दाला शब्द वाढवणारी नव्हती, पण शहाणी होती, आणि या घरात दुसरी बाजू घेईल तर तीच, असा आईचा भरवसा होता.

“तू काही बोलणार आहेस का गं?”

“मला विचारू नका, आई,” सून खाली बघून म्हणाली. “प्लीज.”

ते ‘प्लीज’ आईला खटकलं. आणि सुनेची ती खाली घातलेली मान बघता बघता तिच्या डोक्यात भलतीच एक गोष्ट येऊन उभी राहिली. आईचं चौकातल्या औषधाच्या दुकानाशेजारी पडद्यांचं दुकान होतं. मागे कापड कापायचं लांब टेबल, पुढे मशीन. महिन्याभरापूर्वी सून तिथे आली होती, झोपायच्या खोलीसाठी पडदे हवेत म्हणून. जाड हवेत, आतून काळं अस्तर हवं, फटीतूनही उजेड यायला नको. इतके जाड कशाला, असं आईने तोंडात टाचण्या धरूनच विचारलं होतं, आणि सून म्हणाली होती, सकाळी ऊन येतं ना. आईने दोन दुपारी बसून ते शिवले. स्वतःच्या हाताने.

“तुमच्या झोपायच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?” आईने विचारलं.

सुनेने वर पाहिलं.

“बोळाकडे आहे,” आईनेच उत्तर दिलं. “समोर गोदामाची भिंत. तिथे ऊन यायला सूर्याला वाकडी वाट करावी लागेल. माझ्याकडून ते पडदे कशाला शिवून घेतलेस?”

“आई, सोड ना तिला,” धाकटा म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

सून रडली नाही. वर्गात मुलांना धडा सांगावा तशी सरळ बोलली. “उजेड सहन होत नाही त्याला. हंगाम अर्धा झाला तेव्हापासून. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंधारात पडून असतो. भांडं पडलं तरी डोकं धरतो. मी संगीत शिकवते, आई, आणि माझ्या घरात पियानोचं झाकण उघडायची मला बंदी आहे. काल रात्री जिंकून आला आणि बाथरूममध्ये उलट्या करत बसला. म्हणाला, आनंदाने होतंय.”

“तू शब्द दिला होतास,” धाकटा म्हणाला.

“दिला होता. मोडला.”

डॉक्टर अर्धवट उठले होते ते पुन्हा बसले. “मला का नाही सांगितलंस?” त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलं असतंत का, भावोजी?”

“काय मोठं झालंय!” कप्तानांचा हात टेबलावर आदळला आणि धाकट्याने डोळे मिटून घेतले. ते फक्त आईने आणि सुनेने पाहिलं. “आमच्या वेळी बादलीभर पाणी ओतायचे डोक्यावर आणि म्हणायचे, ऊठ. कुठली परीक्षा नि कुठले महिने उलटे. मी खेळलो तसा आणि हे खेळले.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “यांनी जेवढा मार खाल्ला तेवढा या पोराने बघितलाही नाही. ऐंशी ओलांडली. काय झालंय यांना? ठणठणीत आहेत.”

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा काट्याने पेल्यातलं पाणी ढवळत होते, मन लावून, साखर विरघळायची वाट बघितल्यासारखे. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले पाहून त्यांनी काटा बाहेर काढला, झटकला, आणि सभ्यपणे विचारलं, “आपण निघायचं का आता? बस थांबायची नाही.”

“वय झालंय त्यांचं,” कप्तान म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

“वयाचं नाही ते, बाबा.”

हे थोरली म्हणाली. आतापर्यंत ती नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. आता तिने तो काढून घेतला.

“सांग ना,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला घरी सांगितलंस ते इथे सांग.”

“इथे नको,” डॉक्टर म्हणाले.

“मग कुठे? मी रोज कोर्टात दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी सांगते. तुझं सांगू? ‘हे म्हातारपणाचं विसरणं नाही, हे डोक्याला बसलेल्या दणक्यांचं आहे. खेळातून आलेलं आहे.’ लग्नाच्या दुसऱ्या वर्षी म्हणालास तू. आजोबांनी शेजारणीला समोरचा खेळाडू समजून अडवलं होतं, त्या दिवशी.”

 आईला आधी वाटलं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. वर आला तो राग, आणि तो इतका स्वच्छ होता की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

“या माणसाला मी आंघोळ घालते,” ती डॉक्टरांना म्हणाली. “रोज. बटणं मी लावते. हे घराबाहेर निघून जातात तेव्हा हातातलं काम टाकून शोधायला मी जाते. मामंजींचं वय झालंय, वय झालंय, म्हणून मी स्वतःची समजूत घालत आले. आणि तुम्हाला कारण ठाऊक होतं. ते तुम्ही बायकोला सांगितलंत आणि झोपलात. मला सांगावंसं नाही वाटलं? जिचा मुलगा रोज तेच करायला जातो, तिला?”

“आई, माझी हिंमत झाली नाही. बाबांना काय वाटेल...”

“आणि तू?” आई लेकीकडे वळली. “तुझ्याही तोंडाला कुलूप? भाऊ नाही तो तुझा?”

थोरली मान खाली घालून म्हणाली, “मला वाटलं, सांगून काय उपयोग. कुणी ऐकणार नाही.”

“मी ऐकलं असतं. पण मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही, कारण मी कोण? मी जर्सी धुवायची, डबा भरायचा, जिंकले की टाळ्या वाजवायच्या. एकाने परीक्षा चुकवायला शिकवायचं, एकाने चुकवायची, एकाने बघून न बघितल्यासारखं करायचं, दोघींनी गप्प बसायचं. आणि पडदे मी शिवायचे. सगळं घर एका पोराचं डोकं फोडायला हातभार लावतंय आणि त्याला म्हणायचं कौतुक.”

“तोंड सांभाळून बोल,” कप्तान म्हणाले.

“आजवर सांभाळलंच की.” ती नवऱ्याकडे न बघता बोलली. “डॉक्टर, मला फार कळत नाही. मला एकच वाक्य सांगा. माझ्या तोंडावर. ‘हा शनिवारी खेळू शकतो.’ तुम्ही सांगितलंत की मी पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही.”

“सांगा ना,” कप्तान म्हणाले.

“सांगा, भावोजी,” धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. तो विनवत होता, आणि त्या दणकट माणसाला विनवताना बघणं आईला सगळ्यात जड गेलं. क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावं. एकच तर सामना. एकदा ती जर्सी अंगावर चढू दे, मग बघू. हे ‘मग बघू’ तिला इतकं गोड वाटलं, की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी चष्मा घातला, खिशातून फोन काढला आणि दार उघडून जिन्यात गेले. दार त्यांनी लावून घेतलं नाही. कदाचित मुद्दामच. सगळ्यांना ऐकू येत होतं. ते मुख्य प्रशिक्षकाशी बोलत होते. नाही, शनिवारी नाही. त्यानंतरचंही आताच सांगता येणार नाही. हो, काल त्याला परत पाठवलं ते मीच. नाही, त्याला दोष देऊ नका, सही माझी आहे. मग बराच वेळ नुसतं ‘हो’, ‘हो’, ‘मला कल्पना आहे’.

धाकट्याने खुर्चीवरचं जाकीट उचललं.

“तुला वाटत असेल तू मला वाचवलंस,” तो आईला म्हणाला. “तू मला संपवलंस.”

तो जिन्यात डॉक्टरांच्या अंगावरून न बोलता उतरून गेला. सून पर्स शोधत घुटमळली, आईच्या खांद्याला ओझरता हात लावला आणि त्याच्यामागे धावली. थोरली उठून ताटं गोळा करू लागली. आजोबा म्हणाले, “गेली वाटतं बस.”

त्या आठवड्यात कप्तान बायकोशी कामापुरतंही बोलले नाहीत. चहा झाला का हे ते भिंतीला विचारत. क्लबाने डॉक्टरांना ‘काही दिवस विश्रांती घ्या’ असं कळवलं, आणि या विश्रांतीचा अर्थ न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं. थोरली नवऱ्याचा राग करायची ती आता क्लबाचा करू लागली. फसवले गेलेले ते, खरं बोलले ते, आणि घरी बसले तेही तेच, असं ती फोनवर तावातावाने सांगे. निवड समितीतल्या ओळखीच्या माणसाने गोड शब्दांत निरोप दिला, की पुढच्या वर्षी नक्की बघू. तिशीनंतर रग्बीत पुढचं वर्ष नावाची गोष्ट नसते, हे तोही जाणत होता.

शुक्रवारी संध्याकाळी कप्तान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“माझ्या बापाने कोटाच्या आत जर्सी घातली,” ते म्हणाले. “मला तेवढीही मिळाली नाही. आयुष्यात एक गोष्ट मागत होतो मी.”

“स्वतःसाठी मागायची होतीत,” आई म्हणाली. “स्वतःचं डोकं देऊन.”

“दिलं नाही का?”

ती वळली. ते विचारत होते ते रागाने नव्हे. चौकटीला धरून उभा असलेला हा रुंद माणूस घाबरलेला होता, हे तिला उशिरा कळलं. गेल्या काही दिवसांत त्यांनी किती वेळा किल्ली शोधली होती, हे दोघांनाही आठवलं असावं. पण तिचा राग उतरला नव्हता, आणि त्यांची कीव आली म्हणून तो उतरवायची तिची तयारीही नव्हती.

“मग पोराचं कशाला दिलंत?” ती म्हणाली, आणि पुन्हा ओट्याकडे वळली.

शनिवारी कप्तान क्लबाचा कोट घालून एकटेच फायनलला गेले. शेजारीण आजोबांपाशी येऊन बसली. आईने दुकान उघडलं. तशी गरज नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा आतल्या टीव्हीला चिकटला होता. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम अंगावर होतं. लांबच लांब सरळ शिवण, डोकं न लावता करण्याजोगी. ती मशीनवर बसली.

सामना निम्मा झाला असेल, तेव्हा दार ढकलून धाकटा आत आला. दाढी वाढलेली, डोळ्यांवर काळा चष्मा.  कापडाचे तागे रचले होते त्या मागच्या कोपऱ्यात जाऊन एका गठ्ठ्यावर बसला, जिथे बाहेरचा उजेड पोचत नव्हता.  मशीन चालत राहिलं. शेजारच्या दुकानातून समालोचन ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. लॉकच्या जागेवर कोण खेळत होतं, हे दोघांना ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने बाहेर आरोळी उठली. मग गाड्यांचे हॉर्न, खिडक्या उघडल्याचे आवाज, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत गेलं.

“जिंकले,” धाकटा म्हणाला.

“हं.”

“माझ्याशिवाय.”

 आईने पडद्याची कड पुढे सरकवली.

“मी अजून रागावलेलो आहे,” तो म्हणाला. “तुला वाटेल, आला म्हणजे राग गेला. तसं नाही. मी कधी विसरेन असंही वाटत नाही मला.”

“नको विसरूस,” आई म्हणाली. “रागाव हवा तेवढा. जन्मभर रागाव. रागावायला डोकं शाबूत लागतं.”

त्याने नाकातून हवा सोडली. हसणं नव्हतं ते, पण हसण्याच्या वाटेवरचं काहीतरी होतं. हॉर्न वाजतच होते. आईने पुन्हा पायपट्टीवर पाय ठेवला आणि मशीन खडखडू लागलं.

“आई.”

“काय?”

काळा चष्मा काढून त्याने दोन्ही तळवे कपाळावर दाबून धरले होते. आपण काय बोलतोय हे ऐकत ऐकत बोलल्यासारखा तो बोलला.

“मशीन बंद कर ना थोडा वेळ. डोक्यात घुसतंय.”

तिने पाय उचलला. मग उठून दुकानाचं पुढचं दार लावून घेतलं, सुईत दोरा ओवला, आणि उरलेली शिवण हाताने घालायला त्याच्याशेजारी येऊन बसली.